अक्षर, वेळापत्रक आणि औषधाचें पाकीट

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही आपल्या जुन्या शाळेस भेट देण्यास गेलों असतां आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनीं एक साधाच प्रश्न विचारला : "तुम्ही मुंबईस जाऊन दोन वर्षें झालीं, तेथें तुम्ही नक्की काय शिकतां?" आम्हीं "ग्राफिक डिझाईन" असें उत्तर दिलें. गुरुजी हंसले व म्हणाले, "हें झालें नांव. काम काय तें सांगा." शेजारीं एका विद्यार्थ्याचे वडील बसले होते. त्यांचा मुलगा यंदा दहावींत असून त्यालाही याच मार्गानें जावयाचें आहे. ते म्हणाले, "चित्रें तर हल्लीं यंत्रही काढून देतें. मग त्यासाठीं चार वर्षें कशाला घालवावयाचीं ?" त्या वेळीं आम्हांस धड उत्तर देतां आलें नाहीं. गुरुजींनीं तेव्हांच बजावलें कीं, तें उत्तर वार्षिक अंकासाठीं लिहून पाठवावें. म्हणून हा लेख.

सकाळपासून आपल्या हातीं जितक्या छापील वस्तु येतात, त्या सर्वांच्या बाबतींत कोणी तरी कांहीं तरी ठरविलेलें असतें. दुधाच्या पिशवीवर तारीख कोठें असावी, बिस्किटांच्या पुड्यावर किंमत किती मोठी छापावी, प्रश्नपत्रिकेंत दोन प्रश्नांमध्यें किती जागा सोडावी, हें आपोआप होत नाहीं. रुपयाचें जें चिन्ह आज आपण प्रत्येक दुकानांत पाहतों, तें केंद्र सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलें. तें योजणारे डी. उदयकुमार हे त्या सुमारास मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें विद्यार्थी या नात्यानें संशोधन करीत होते. देवनागरी 'र' आणि उभी रेघ काढून टाकलेला रोमन 'आर' हीं दोन्ही अक्षरें त्या एका आकृतींत दिसतात. वर दोन आडव्या रेघा कां, त्यांच्यामध्यें मोकळी जागा कां, हेंही त्यांस सांगतां येत होतें. आमच्या वर्गांत या सांगतां येण्यासच फार महत्त्व आहे. काम भिंतीवर टांचून लावलें कीं "सुंदर झालें" असें कोणी म्हणत नाहीं, "असें कां केलें?" एवढेंच विचारतात, आणि "आवडलें म्हणून" हें उत्तर तेथें चालत नाहीं.

आमचें पहिलें काम एका शब्दाचें होतें. 'पाऊस' हा शब्द असा लिहावयाचा कीं वाचणारास पाऊस जाणवावा. मात्र चित्र काढावयाचें नाहीं. आम्हीं मोठ्या हौसेनें शिरोरेघेवरून थेंब ओघळविले, 'ऊ'च्या डोक्यावर छत्री धरली, आणि कागद भिंतीवर लावला. आमच्या शिक्षिकांनीं जवळ येऊन आपल्या हातानें थेंब व छत्री झांकून टाकली आणि विचारलें, "आतां काय उरलें ?" उरला होता तो कोणत्याही वर्तमानपत्रांतला साधा शब्द. पाऊस अक्षरांत नव्हताच. तो वरून चिकटविलेला होता.

दुसऱ्या खेपेस आम्हीं शब्दाकडे नीट पाहिलें. 'प'चा दंड, काना आणि 'स'चा दंड अशा तीन उभ्या रेघा या शब्दांत आधींपासूनच आहेत. त्या आम्हीं पानाच्या तळापर्यंत लांबविल्या व वाऱ्यानें झुकाव्या तशा किंचित् तिरप्या केल्या. शिरोरेघ जाड, करडी आणि पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेली. तिचें आभाळ झालें. 'ऊ'ला लांबवावयास दंड नाहीं, म्हणून तो मध्यें आखडून बसल्यासारखा राहिला. त्यास पाहून आमची एक मैत्रीण म्हणाली, "हा बिचारा भिजतो आहे." हें आम्हीं कांहीं ठरवून केलेलें नव्हतें; परंतु वर्गांत तें आमच्या नांवावर जमा झालें, आणि आम्हीही गप्प राहिलों.

अक्षरांस हीं वळणें कोठून आलीं, तें त्यानंतर शिकविण्यांत आलें. बोरूचें टोंक तिरपें कापतात. त्यामुळें हात एकाच दाबानें चालला तरी रेघ एका दिशेस जाड व दुसऱ्या दिशेस बारीक उमटते. रोमन अक्षरें लिहितांना लेखणीचा कल याच्या उलट असतो. म्हणून इंग्रजी अक्षरांची जाडी जशीच्या तशी उचलून मराठी अक्षरांस दिली, तर तीं परक्या घरचा अंगरखा घातल्यासारखीं दिसतात. दुकानांच्या पाट्यांवर अशीं अक्षरें पुष्कळ आढळतात. हल्लीं तीं पाहिलीं कीं आम्ही रस्त्यांत थबकतों आणि बरोबरचीं माणसें पुढें निघून जातात.

बोरूचें वळण शिशाच्या खिळ्यांत उतरविण्याचें काम मुंबईंत फार मेहनतीनें झालें. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम हे देवनागरी खिळे तयार करीत. त्यांच्या हाताखालीं जावजी दादाजी (१८३९–१८९२) हे लहानपणींच हा धंदा शिकले. पुढें जावजींनीं १८६४ सालीं स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला व १८६९ सालीं 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. तेथील ठसे कोरणारे कारागीर राणोजी रावजी आरू. जोडाक्षरें आणि काना-मात्रा यांमुळें देवनागरीच्या एका संचास कित्येक शेंकडे निरनिराळे खिळे लागत, आणि त्यांतील प्रत्येकाचा ठसा पोलादावर हातानें कोरावा लागे. आतां खिळे गेले व संगणक आला. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं योजलेलें 'मंगल' हें अक्षरवळण मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीबरोबर असंख्य संगणकांवर पोहोंचलें. मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचीं कांहीं वळणें तर कोणासही विनामूल्य वापरतां येतात. परंतु वळण चांगलें मिळालें तरी मांडणी करणारानें डोळे उघडे ठेविले पाहिजेत. 'कर्तृत्व' हा एकच शब्द लिहून पाहा : डोक्यावर रफार, पायाशीं ऋकार. दोन ओळींतील अंतर इंग्रजीच्या मापानें ठेविलें तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेंत अडकतो, आणि वाचणाराचे डोळे कां दुखतात हें त्याचें त्यालाच कळत नाहीं. आम्ही मराठी मजकूर लावतांना ओळींमधील जागा प्रथम वाढवितों. मजकूर पानांत न मावल्यास अक्षर लहान करण्याऐवजीं शब्द कमी करावयास सांगतों. लेखकमंडळींस हें आवडत नाहीं.

दुसरें काम आपापल्या गांवांतील एखादा सार्वजनिक फलक नव्यानें मांडण्याचें होतें. आम्हीं आमच्या तालुक्याच्या एस. टी. स्थानकावरील वेळापत्रक निवडलें आणि मुंबईस बसूनच तें संगणकावर सजविलें. शिक्षिकांनीं विचारलें, "स्थानकावर किती वेळ उभे राहिलांत ?" मुळींच नाहीं, असें कबूल करावें लागलें. मग एका शनिवारीं वही घेऊन सकाळपासून सायंकाळपर्यंत चौकशीच्या खिडकीपाशीं उभे राहिलों आणि लोक काय विचारतात तें लिहून काढलें.

फलक सुटण्याच्या वेळेप्रमाणें लावलेला होता. परंतु "सव्वादहाला कोणती गाडी आहे ?" असें दिवसभरांत एकानेंही विचारलें नाहीं. सर्वांचा प्रश्न एकच : "अमक्या गांवाला गाडी कितीला ?" शिवाय पुष्कळांस जावयाचें तें गांव फलकावर नव्हतेंच, तें वाटेवरचें गांव होतें, आणि फलकावर फक्त शेवटच्या ठिकाणाचें नांव होतें. गांवें अकारविल्हे लावावीं असें प्रथम मनांत आलें. पण खिडकीपाशीं उभा असलेला माणूस वर्णमाला आठवीत बसत नाहीं; त्यास आपलें गांव कोणत्या रस्त्यावर आहे हें पक्कें ठाऊक असतें. म्हणून आम्हीं स्थानकाहून निघणारे तीन रस्ते तीन सरळ रेघांनीं दाखविले, त्यांवर गांवें क्रमानें लिहिलीं, आणि प्रत्येक रस्त्यापुढें गाड्यांच्या वेळा मांडल्या.

ही युक्ति आमची नव्हे. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हॅरी बेक या आरेखकानें १९३१ सालीं अशाच रीतीनें काढला. त्यानें मार्गांचीं सारीं वळणें टाकून दिलीं. आडव्या, उभ्या व तिरप्या अशा सरळ रेघाच ठेविल्या, आणि स्टेशनांमधील खरें अंतर दाखविण्याचा हट्ट सोडला. वरिष्ठांनीं तो आधीं नापसंत केला होता. १९३३ सालीं छापल्यावर मात्र प्रवाशांनीं तो उचलून धरला. जमिनीखालून जाणारास नदी कोठें वळली याच्याशीं कर्तव्य नसतें. गाडी कोठें बदलावयाची एवढेंच त्यास हवें असतें. आमच्या वेळापत्रकांत आम्हीं एक गोष्ट आपल्याकडची घातली : खालच्या चार ओळी कोऱ्या सोडल्या. रद्द झालेली गाडी खडूनें लिहावयास जागा ठेविली नाहीं, तर ती छापील वेळेवरच लिहिली जाते. तें वेळापत्रक स्थानकावर कधींच लागलें नाहीं, तें वर्गांतच राहिलें; पण त्या शनिवारनंतर घरीं बसून कोणतेंही काम सुरू करण्याचा आम्हांस धीर होत नाहीं.

तिसरें काम आम्हीं निवडलें नाहीं. तें घरूनच आलें. आमची आजी गांवीं असते. तिचें वय अठ्याहत्तर. तिला रक्तदाबाची एक व मधुमेहाची एक अशा गोळ्या चालू आहेत. दोन्ही लहान, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही वाटोळ्या, आणि दोन्ही चकचकीत रुपेरी पट्टींतल्या. पट्टीवर नांव असतें तें बारीक इंग्रजींत. दहा गोळ्यांतून पांच हव्या असल्या कीं कात्री चालते आणि तें नांवही अर्धें होतें. एके सायंकाळीं वीज गेलेली असतां आजीनें रक्तदाबाची म्हणून मधुमेहाचीच गोळी दुसऱ्यांदा घेतली, आणि त्या रात्रीं तिचें जेवणही यथातथाच झालें. नऊच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला, हात कांपूं लागले, बोलणें असंबद्ध होऊं लागलें. शेजारच्या परिचारिकाबाईंच्या तें वेळींच लक्षांत आलें; शुद्ध होती तोंवर त्यांनीं साखरेचें पाणी पाजलें व तसेंच तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें. सकाळीं आजी बरी झाली. आईनें आम्हांस फोनवर हें सांगितलें तेव्हां तिचा आवाज ठीक नव्हता. आजी मात्र आपल्यालाच दोष देत होती : "म्हातारपणीं डोकं ठिकाणावर राहात नाहीं बघ, बाळा."

आम्हांसही तसेंच वाटलें. परंतु पुढच्या रविवारीं गांवीं जाऊन त्या दोन पट्ट्या आम्हीं मेजावर शेजारीं शेजारीं ठेविल्या आणि हातभर मागें सरलों. कोणती कोणाची, हें आम्हांस सांगतां येईना. आम्ही विसाव्या वर्षीं, दिवसाउजेडीं, चष्म्यासकट उभे होतों. आणि दोष मात्र आजीच्या डोक्याला लागला होता.

शिक्षिकांना हें सांगितलें तेव्हां त्यांनीं न्यूयॉर्कच्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगितली. डेबोरा ॲडलर ही तेथील 'स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स'मध्यें शिकत असतां तिच्या आजीनें चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या. त्यावरून तिनें औषधाच्या बाटलीचाच विषय आपल्या अखेरच्या वर्गकामासाठीं घेतला. वाटोळी बाटली हातांत फिरवीत वाचावी लागते, म्हणून तिनें बाजू सपाट केल्या. औषधाचें नांव सर्वांत मोठें केलें. आणि घरांतील प्रत्येक माणसासाठीं निराळ्या रंगाचें कडें बाटलीच्या गळ्याशीं बसविलें. 'टार्गेट' या अमेरिकन दुकानांनीं २००५ सालीं ती बाटली वापरांत आणली. पुढें त्यांनीं आपला औषधविक्रीचा विभाग दुसऱ्या कंपनीस विकला व ती बाटली बंद झाली. तेव्हां ती परत द्या म्हणून गिऱ्हाइकांनीं तक्रारी केल्या. एका बाटलीसाठीं लोक तक्रार करतात, हें ऐकून आमच्या वर्गांत क्षणभर कोणी बोललें नाहीं.

परंतु आमच्या आजीच्या गोळ्या पट्टींत येतात. तेथें बाटलीचा उपयोग नाहीं. पट्टी बदलणें आमच्या हातीं नव्हतें. औषधाच्या दुकानांत त्या ज्या लहानशा कागदी पाकिटांत घालून देतात, तेवढें पाकीट आमच्या आवाक्यांतलें होतें. त्यावर दुकानदार पेननें १–०–१ असें लिहितो. ज्यास ठाऊक आहे त्यास त्याचा अर्थ सकाळीं एक, दुपारीं नाहीं, रात्रीं एक. आजीला तो हिशोब वाटतो. पाकीट कांहीं पैशांचें, तेव्हां छपाई एकाच काळ्या शाईची, हें आम्हीं प्रथमच ठरविलें. महागडें पाकीट कोणीच विकत घेणार नाहीं.

सकाळसाठीं आम्हीं डोंगराआडून वर येणारा सूर्य काढला, दुपारसाठीं डोक्यावरचा, सायंकाळसाठीं डोंगराआड जाणारा. चित्र सुबक झालें होतें. आजीनें तें हातांत घेतलें, दूर धरलें, जवळ धरलें आणि विचारलें, "हा सूर्य उगवतोय का मावळतोय, बाळा ?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें, कारण दोन्ही चित्रें एकच होतीं, आम्हीं क्रम लावला होता, आणि तो क्रम आमच्याच डोक्यांत होता. तेव्हां आम्हीं तिलाच विचारलें कीं, सकाळ म्हटलें कीं तुझ्या डोळ्यांपुढें काय येतें ? ती म्हणाली, "चहा." दुपार म्हणजे भाकरी. रात्र म्हणजे अंथरूण. त्यावरून कपबशी, भाकरीचें ताट आणि उशी हीं तीन चित्रें ठरलीं.

वाचनाची संवय नसलेल्या माणसासाठीं चित्र काढणें हें आम्हांस वाटलें त्याहून कठीण निघालें. 'जेवणाआधीं' हें दाखविण्यासाठीं आम्हीं डावीकडे गोळी व उजवीकडे ताट काढलें. डावीकडचें आधीं हा नियम आपण वाचावयास शिकलों म्हणून आपल्याला ठाऊक. आजीला गोळी व ताट ही नुसती जोडी दिसली. शेवटीं भरलेल्या ताटाशेजारीं गोळी म्हणजे जेवणाआधीं, आणि रिकाम्या ताटाशेजारीं गोळी म्हणजे जेवणानंतर, असें केलें. तें तिला न सांगतां कळलें.

रंगाचा मोह आम्हांस मधूनच झाला होता. एक पाकीट निळें, एक हिरवें करावें असें वाटलें. पण आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. अशा डोळ्याचें भिंग पिवळसर होत जातें, आणि मग निळें, हिरवें व काळें यांतला भेद अंधुक होतो. कित्येकांस जन्मतःच तांबडें व हिरवें सारखें दिसतें. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहारास हिरवा ठिपका आणि मांसाहारास तपकिरी ठिपका असे. २०२० सालच्या नव्या नियमांन्वयें मांसाहाराच्या ठिपक्याचा त्रिकोण करण्यांत आला, तो याच अडचणीसाठीं. रंग चुकला तरी आकार चुकत नाहीं. आणि आमच्या घरीं तर वीजच गेली होती. अंधारांत रंग कोणता? म्हणून मधुमेहाच्या गोळीच्या पाकिटाचा वरचा उजवा कोपरा आम्हीं तिरपा कापला आणि रक्तदाबाचें पाकीट अखंड ठेविलें. बोट फिरविलें कीं कळतें. साऱ्या कामांत कमी श्रमाची निवड ती हीच, आणि ती सुचावयास तीन आठवडे लागले.

त्या दिवशींच्या पालकांस आमचें उत्तर एवढेंच कीं, यंत्रास सूर्य काढावयास सांगितला तर तें क्षणांत शंभर सूर्य काढून देईल, आणि त्यांतले कांहीं आमच्यापेक्षां सरसही असतील. मात्र आमच्या आजीला सूर्य नको, कपबशी हवी, हें तिच्या खाटेपाशीं बसून विचारल्यावांचून कोणासच कळणार नव्हतें. आम्हांसही कळलें नव्हतें. मुलगा चित्रें काढतो याबरोबरच तो लोकांस प्रश्न विचारतो काय व आपलें काम फाडून पुन्हां करतो काय, हें त्यांनीं घरीं पाहावें. फाडण्याचा कंटाळा असणाऱ्यास ही विद्या फार जड जाते. आम्हांसही अधूनमधून जाते.

पाकिटाच्या कामास गुण बेताचेच मिळाले. ताटांतली भाकरी चंद्रासारखी दिसते असें परीक्षकांचें म्हणणें पडलें, आणि आतां पाहतां तें खरें वाटतें. पन्नास पाकिटें आम्हीं गांवच्या औषधाच्या दुकानांत नेऊन दिलीं. दुकानदार भला माणूस. त्यानें तीं सर्व संपविलीं, पण पुढें छापून घेतलीं नाहींत. गर्दीच्या वेळीं कोपरा कापीत कोण बसेल, असें तो म्हणाला. आजीला आतां पुन्हां साधींच पाकिटें मिळतात. पाकीट घरीं आलें कीं ती शेजारच्या मुलीला बोलावते, मधुमेहाचें कोणतें तें तिच्याकडून वाचून घेते, आणि उशाखालची कात्री काढून त्याचा कोपरा आपल्या हातानें कापते.